शिवेवरची हजेरी

पगार किती, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. आमच्या भागात हे नवलच म्हणायचं. एसटीत शेजारी बसलेली बाई नाव विचारायच्या आधी पगार विचारते. सांगितला तर "एवढाच व्हय?" म्हणते, नाही सांगितला तर पोरगी चढेल आहे म्हणून गावभर सांगते. ह्या म्हाताऱ्या घरमालकांनी खोली दाखवायच्या आधी मला अंगणात उभं केलं आणि विचारलं, "ताई, तुमचा पगार कुठल्या गावचा?"

मी म्हटलं, कंपनी पुण्याची आहे, मी पासलीची.

"तसं न्हाई. कंपनी कुठली का असंना. पगार कुठल्या गावचा लावलाय?"

म्हातारा येडा नाही, हे मला तेव्हाच कळलं. कारण माझा सगळा घोळ त्या एका प्रश्नातच होता. आमच्या कंपनीत पगाराच्या तीन याद्या होत्या. मुंबई, पुणे आणि त्यांच्या भोवतीचा महानगराचा पट्टा ही पहिली. नागपूर, नाशिक, संभाजीनगर ही दुसरी. उरलेला महाराष्ट्र तिसरीत, आणि त्या यादीला धड नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'इतर'. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा सोबत नियमही आला, की जिथं राहाल तिथला पगार. लॅपटॉप कुठं उघडलाय ते कंपनीला दिसायचं. काम तेच, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. पण पुण्यात बसून शोधलेली चूक आणि पासलीत बसून शोधलेली चूक ह्यांच्या भावात चांगलाच फरक होता.

आई पासलीत एकटी होती. वडील गेलेले, भाताची खाचरं वाट्यानं दिलेली, आणि आईचं हृदय दमलेलं. तिच्या गोळ्या पुण्याहून यायच्या आणि त्या पुण्याच्या पगारातच बसायच्या. मी पुण्यात राहिले तर आईला बघायला कोणी नाही, पासलीत राहिले तर गोळ्यांना पैसे नाहीत. तिला पुण्यात न्यावं, तर ती म्हणायची, "मला त्या डब्यात नगं कोंडू." म्हणून मी महानगराची हद्द जिथं संपते तिथलं शेवटचं घर शोधत फिरले. कामथडीच्या पुढं, हायवे सोडून आत गेल्यावर, ते मला सापडलं. तिथून पासली म्हणजे दोन एसट्या आणि थोडी पायपीट.

घर अगदी दोन गावांच्या शिवेवर होतं. शिवेवर कोणी घर बांधत नाही. तिथं लोक नारळ फोडतात, दहीभात ठेवतात, नवरानवरीवरून लिंबू उतरून टाकतात आणि मागं न बघता चालू लागतात. ह्या मालकांनी तिथं तीन खोल्या आणि मागची पडवी बांधली होती आणि शिवाय भाडेकरू ठेवले होते. गाव त्यांना मोजणीदार म्हणायचं, कारण सगळी नोकरी त्यांनी जमिनी मोजण्यात घालवली होती. मी काका म्हणायचे. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक पुतण्या पुण्यात.

माझ्या खोलीच्या फरशीवर चुन्याची एक रेघ होती. भिंतीच्या एका कोपऱ्यातून निघून खोली तिरकी कापत मागच्या दाराकडं गेलेली. अल्याड महानगर, पल्याड इतर. काकांनी ती साखळीनं तीनदा मोजून काढली होती आणि दर सोमवारी स्वतः ओणवे होऊन ती ताजी करायचे.

"ताई, झोपताना डोकं रेघंच्या अल्याड ठिवायचं. पाय कुठं बी जाऊ द्यात. पगार डोक्याला मिळतो, पायाला न्हाई."

मी हसले. कॉम्प्युटर शिकलेली बाई, मी कशाला असल्या गोष्टींना भीक घालते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघितलं तर माझी उशी रेघेपासून चांगली हातभर आत होती. मी तशी ठेवल्याचं मला आठवत नव्हतं.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर संपायच्या नाहीत. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडात कधी आले नाहीत. मीठ मागितलं तर म्हणायचे, "उत्तरंच्या डब्यात बघा." एकदा माझ्या पाठीत उसण भरली तर विचारलं, "पूर्वंला का पश्चिमंला?" रेघेवरून कुठलीही वस्तू द्यायचे नाहीत की घ्यायचे नाहीत. चहाचा कप अल्याड ठेवायचे, मग पुढच्या दारानं बाहेर पडून घराला वळसा घालून मागच्या दारानं आत यायचे आणि पल्याड बसून माझ्याशी गप्पा मारायचे. तोवर चहा गार. मी म्हणायचे, काका, काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते म्हणायचे, "कळशाला वळसा लागत न्हाई. रेघंला लागतो."

पहाटे उजाडता उजाडता ते जुनी मोजणीची साखळी घेऊन शिवेनं चालायला जायचे. खात्यानं मोडीत काढलेली, कड्याकड्यांची लोखंडी साखळी. पावसाळ्यात आमच्याकडं धुकं असं उतरतं की अंगणातली तुळस दिसत नाही. त्या धुक्यात काका दिसायचे नाहीत, नुसती साखळी बांधावरून ओढल्याचा आवाज यायचा. कधी कधी आवाज पूर्वेकडून यायचा आणि काका मात्र पश्चिमेच्या दारातून पाय धूत आत यायचे. धुक्यात आवाज फसवतो, असं मी स्वतःला समजावलं होतं.

शनिवारी ते शिवेच्या दगडापाशी दहीभाताचे मुटके ठेवायचे. घरात जितके लॅपटॉप तितके मुटके. तेव्हा आम्ही दोघं भाडेकरू होतो, मी आणि निखिल, म्हणून दोन.

"देवाला?" मी विचारलं होतं.

"देव कुठला हितं? रेघंला."

मग एका दुपारी त्यांनी ते सांगितलं. मी जेवून भांडी घासत होते, ते पल्याड पाटावर बसून सुपारी कातरत होते. तरुणपणी एका धरणाच्या कामावर बुडिताची रेघ त्यांनी आखली होती. कुठलं धरण ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रेघेच्या आत ज्यांची घरं आली त्यांना दुसरीकडं जमीन मिळाली. एका म्हातारीचं घर रेघेच्या बाहेर राहिलं, वीतभरानं. ती म्हणाली, दादा, वीतभर सरकव, माझी भावकी समदी चाललीय, मला बी जाऊ दे.

"आन् म्या न्हाई सरकवली. मोज म्हंजी मोज. समदं गाव उठून गेलं. ती एकलीच ऱ्हायली, भिताडाला हात लावून हुबी. येता जाता दिसायची. मंग एक दिवस दिसली न्हाई."

"बुडाली?"

"पाणी तिथवर कधी आलंच न्हाई ताई. म्या बराबर मोजलं हुतं."

सुपारी कातरायचा आवाज तेवढा चालू राहिला. मग ते म्हणाले, "रेघ उपाशी ऱ्हात न्हाई. हिकडचं न्हाई तर तिकडचं, ती माणूस घेती." माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मला ती गोष्ट ऐकायला नको होती, आणि ऐकल्यावर मला काकांची दया आली हेही खरं.

निखिल भोरचा. वडील वकील, घरात सगळे शिकलेले, हा प्रोग्रॅम लिहिणारा, माझ्याच कंपनीत पण पगारानं माझ्या पुष्कळ वर. पोरगा मनानं चांगला, पण जिभेला हाड नाही. काकांना तोंडावर म्हणायचा, "काका, तुमची रेघ सॅटेलाइटला दिसते का?" मे महिन्यात उकाडा वाढला तशी त्यानं आपली खाट मागच्या पडवीत नेली. पडवी सगळी पल्याड. काकांनी त्याला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझ्यासमोर हात जोडून सांगितलं. निखिल म्हणाला, "काका, झोपेत मी काम करत नाही." गाढवापुढं वाचली गीता, असं मी निखिलला म्हटलंसुद्धा.

पुढच्या शनिवारी मी आईकडं जायची एसटी पकडायला निघाले तेव्हा दगडापाशी एकच मुटका होता.

"काका, एक राहिला."

"न्हाई ऱ्हायला," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मंगळवारी अकराच्या सुमाराला निखिलचा लॅपटॉप चालता चालता आपोआप बंद झाला. मग त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर मेल आली. कंपनीनं बऱ्याच जणांना काढलं होतं आणि त्यात तोही होता. त्याच्या पडवीतल्या खाटेचा त्यात काही उल्लेख नव्हता. तो म्हणाला, "एआय आलंय बाई, शीव-बीव काही नाही. उद्या तुझा नंबर." पण सामान नेताना तो रेघेपाशी थबकला, आणि एवढा धटिंगण पोरगा पाय उंच उचलून ती ओलांडून गेला. दुसऱ्या दिवसापासून मीही तशीच ओलांडायला लागले. मी भ्याले होते, लपवण्यात काय अर्थ.

गौरी-गणपती होऊन गेले आणि पासलीतून शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला उठवत नाही, अंगावर सूज आलीय, तुझं नाव घेतेय. माझी रजा सगळी आईच्याच मागच्या दुखण्यात संपली होती. बिनपगारी मागावी तर निखिलची जागा रिकामी होऊन फार महिने झाले नव्हते, आणि मागणाऱ्यांची नावं आधी जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लॅपटॉप घेऊन पासलीला जावं तर तिथं घरात रेंज नाही, आणि मिळालीच तर कंपनीला पासली दिसणार. मी पुढच्या पायरीवर बसून रडले. लहान मुलासारखी हमसून रडले.

काका आले आणि म्हणाले, "जावा."

"आणि लॅपटॉप?"

"त्यो हितंच ऱ्हाईल. तुमची हजेरी म्या देतो."

मी त्यांना समजावलं. कंपनीत प्रत्येकाच्या नावापुढं एक ठिपका असतो. माणूस कामावर असला की हिरवा. माउस थोडा वेळ हलला नाही की पिवळा. बऱ्याचशा चाचण्या आपोआप चालतील अशा मी लावून ठेवू शकत होते, उरलेलं मोबाईलवरून सांभाळता आलं असतं. पण ठिपका हिरवा राहायला तिथं माणूस हवा होता. काकांनी माउस हातात घेतला, उलटा करून पाहिला, मग पूर्वेकडून पश्चिमेकडं आणि पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकवून दाखवला.

"बास? ह्याचा पगार देत्यात?"

"नाही काका, काम वेगळं. ही नुसती हजेरी."

"मंग कामाकडं बघायचं सोडून हजेरी कशापायी बघत्यात?"

मी पिशवी भरायला घेतली. निघताना त्यांनी मला शिवेच्या दगडापर्यंत पोचवलं. म्हणाले, "ध्यानात ठिवा. तुमच्या जागी म्या बसलो म्हंजी रेघंच्या लेखी तुमी हितंच हाय. म्या हुटणार न्हाई." मी म्हटलं, काका, तुम्हाला काही झालं तर? ते म्हणाले, "माझा काय पगार हाय का जायला?" आणि पहिल्यांदा मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं.

पासलीत आठ दिवस गेले. वेल्ह्याहून डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, सूज उतरली. आई भिंतीला टेकून बसायला लागली, पेज प्यायला लागली. शाळेच्या वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, रेंज यायची. भाताच्या बांधावरून चिखल तुडवत मी दिवसातून तीन-चारदा वर जायचे आणि मोबाईलवर बघायचे. माझं नाव, माझा हसरा फोटो आणि पुढं हिरवा ठिपका. मी इथं, गुडघाभर चिखलात, आणि मी तिथं हजर. अंगावर काटा यायचा आणि हायसंही वाटायचं, दोन्ही एकदमच. दुपारी एक ते दीड ठिपका पिवळा व्हायचा, कारण काका तेव्हा भाकरी खायला उठायचे. संध्याकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. "झाली हजेरी," एवढंच म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

आठव्या दिवशी फोन आला नाही. पण ठिपका दिवसभर हिरवा होता. अकराला बघितला, चारला बघितला, सहाला बघितला. मी लावला तर त्यांचा मोबाईल बंद लागला. चार्जिंगला लावायला विसरले असतील, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात आमच्या टीमलीडचा मेसेज दिसला, चेष्टेचा. आज तर जेवायलाही उठली नाहीस, एवढं काम बरं नव्हे.

तो मी दोनदा वाचला. मग टेपावरून खाली येऊन सकाळची पहिली एसटी किती वाजता ते विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले आणि नऊ वाजून गेल्यावर पोचले. दार नुसतं लोटलेलं. काका माझ्या खुर्चीत बसले होते, पाठ ताठ, हात माउसवर. मी हाक मारली. मग हाताला हात लावला आणि मागं घेतला.

नसरापूरहून डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, काल सकाळीच गेलेत, चहाच्याही आधी. स्वयंपाकघरात कालचं दूध पिशवीतच फुगलं होतं आणि चूल गार होती. म्हणजे आदल्या दिवशी मी टेपावर तीनदा जो ठिपका बघितला तो हिरवा होता, आणि खुर्चीत हे असे बसलेले होते. डॉक्टर मला धीर द्यायला काहीतरी बोलत होते. मी लॅपटॉपकडं बघत होते. तेव्हाही तो हिरवाच होता.

मी पुढं होऊन झाकण लावलं. दोन मिनिटांत मोबाईलवर मेसेज आला, कुठं आहेस?

दोन्ही गावची माणसं आली. कुठल्या गावच्या स्मशानात न्यायचं ह्यावर थोडी बोलाचाली झाली, मग पुतण्या आला आणि त्यानं सांगितलं तसं झालं. मी बाजूला उभी राहून रडले. हा माणूस आपल्या जागी बसला आणि आपण आईजवळ बसलो, एवढंच डोक्यात फिरत होतं. पुतण्या समजूतदार निघाला. घर विकेपर्यंत राहा म्हणाला. आईला थोडा उतार पडला होता आणि गोळ्या चालूच होत्या, म्हणून मी राहिले.

त्या महिन्याचा पगार पहिल्या यादीचा आला, पूर्ण. त्या दिवसाचासुद्धा.

मग एका सकाळी मी अंगण झाडत होते. लॅपटॉप पिशवीत होता, बंद. मोबाईल वाजला. टीमलीड विचारत होता, केव्हाचं विचारतोय, उत्तर का देत नाहीस, नऊपासून तर दिसतेयस. मी मोबाईलवर माझं नाव उघडलं. फोटोपुढं हिरवा ठिपका होता. मी झाडू हातात घेऊन खोलीच्या दारात गेले. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची टेबलापाशी ओढून घेतलेली होती, आणि मी ती कधी तशी ठेवत नसे. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशीर केला, साडेअकरा वाजवले. अडीच तास मी अंगणात बसून माझ्या नावापुढचा तो हिरवा ठिपका बघत राहिले. तो एकदाही पिवळा झाला नाही. भीती वाटली असं मी म्हणणार नाही. मला शरम वाटली. हातपाय धड असलेली मी अंगणात, आणि माझ्या पगारासाठी ते आत बसलेले.

त्याच दुपारी मी कंपनीच्या कागदात राहण्याचा पत्ता बदलला. गाव, पासली. उत्तर लगेच आलं. पुढच्या महिन्यापासून यादी तिसरी, ह्याला माझी संमती आहे का? मी हो म्हटलं. टीमलीडनं फोन करून विचारलं, वेड लागलंय का, लोक पहिल्या यादीत यायला धडपडतात. मी म्हटलं, लागलंय.

आता शाळेच्या वरच्या अंगाला एका घराची पडवी घेतलीय, तिथं रेंज येते. आईच्या गोळ्यांतल्या दोन महागड्या होत्या, त्यांच्याऐवजी सरकारी दवाखान्यातल्या चालवतो. त्या तितक्या लागू पडत नाहीत. संध्याकाळी तिच्या पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, आणि तो भरून यायला किती वेळ लागतो ते मी रोज बघते.

पत्ता बदलल्यावर पहिल्या सकाळी मी नऊला मोबाईल घेऊन टेपावर उभी होते. माझ्या नावापुढं हिरवं काहीच नव्हतं, नुसता राखाडी ठिपका, माणूस हजर नसला की असतो तो. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले, तो तसाच होता. मी खाली घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. काकांचं, खुर्चीचं, कमी झालेल्या पगाराचं आणि गोळ्यांचंही.

मग ती म्हणाली, "हुटला म्हणायचा म्हातारा," आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला भिंत धरून स्वतः उठली.